दक्षिणेकडे तोंड केलेली पेटी

आमचे व्याही रंगनाथराव माझ्या घरी आले की पाणी स्वतःच्या बाटलीतलं पितात. ती बाटली देवळ्याहून भरून आणतात, एसटीत मांडीवर उभी धरून, तान्ह्या पोरासारखी. आता तुम्हीच सांगा, मी नाशकातली बाई. कुठून कुठून लोक येतात आणि आमच्या गोदावरीचं, म्हणजे गंगेचं पाणी गडूत भरून, डोक्याला लावून घेऊन जातात. आणि हे गृहस्थ देवळ्याच्या हापशाचं पाणी नाशकात आणून पितात! बसायच्या आधी खुर्चीवर रुमाल अंथरतात. माझ्या खुर्चीवर, जी मी ते येणार म्हणून सकाळपासून दोनदा पुसलेली असते.

तलाठी होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण कुणाच्याही घरात शिरले की अजून बांध मोजायला आल्यासारखे चालतात. २००१ च्या नागपंचमीला असेच आले, घर मोजलं, आणि माझी सून छाया नि सहा वर्षांची नात भाग्यश्री यांना चार दिवस माहेरी म्हणून घेऊन गेले. ते चार दिवस माघ उजाडला तरी संपले नव्हते.

मी तेव्हा सगळा राग छायावर काढला. गेली ती गेली, एक पत्र नाही. जाताना साड्या घड्या घालून नेल्या म्हणजे मनातून ठरवूनच गेली, असं मी मळ्यात वांग्यांनासुद्धा सांगितलं.

तिचं जाणं का झालं तेही सांगते, नाहीतर तुम्ही मलाच दोष द्याल. माझा मुलगा भारत एका कारखान्यात चौदा वर्षं होता. एका सोमवारी डबा घेऊन गेला आणि डबा तसाच भरलेला घेऊन परत आला. गेटला कुलूप. त्या डब्यातली भेंडी त्याने संध्याकाळी एकट्याने बसून खाल्ली, कुणाला दिली नाही. मग भिंतीकडे तोंड करून खाटेवर आडवा झाला, तो दीड वर्ष.

मला वाटलं आळस. आमच्याकडे माणूस एक तर कामाला जातो, नाहीतर तापाने पडतो. तिसरं काही असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी दृष्ट काढली, अंगारा लावला, वणीच्या देवीला नारळ बोलले. आणि रोज सकाळी बाजारात भाजी घेऊन जायच्या आधी, खाटेजवळ उभी राहून जिभेने त्याला सोलून काढलं. तो काही बोलायचा नाही. बोलला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

दिवाळीत मी बूथवरून देवळ्याला फोन लावला. रंगनाथराव म्हणाले, "विहीणबाई, मला मोठं काही नको. जावयांनी एखादी तरी गोष्ट धरून ठेवलेली दाखवा. एक तरी. मग पाठवतो पोरींना."

एक तरी! मी फोन ठेवला तेव्हा बूथवाला माझ्याकडे असा बघत होता, जशा काही मी त्यालाच शिव्या दिल्यात. दिल्याही असतील.

आता मधमाशांकडे येते. कळवणकडचा मंगळू म्हणून एक माणूस थंडीत आमच्या ओटीवर टेकायचा. मध विकायचा, पेट्याही ठेवायचा. त्या दिवशी तो माशांचं काहीबाही सांगत होता आणि मी गवार मोडत नुसतं हूं हूं करत होते. तेवढ्यात आतून आवाज आला.

"राणी मेली तर माशा काय करतात?"

माझ्या हातातली गवार तशीच राहिली. दीड वर्षात त्या खाटेवरून आलेला तो पहिला प्रश्न. 'जेवतोस का'ला 'नको' हे बोलणं झालं, पण त्यात माणसाला काही जाणून घ्यायचं नसतं.

मंगळूने आत वाकूनही बघितलं नाही. तो आपला चहा फुंकत म्हणाला, "अंडी असली तर नवी राणी बनवत्यात, दादा. नसली तर गप गप होत जात्यात. लय वाईट दिसतं ते."

दुसऱ्या दिवशी भारत उठला. तिसऱ्या दिवशी मंगळूबरोबर कळवणला गेला. दहा दिवसांनी आला तो दाढी वाढलेला, हाताला सूज, आणि टेम्पोत एक लाकडी पेटी. पेटीच्या तोंडाला फडकं बांधलेलं, आत गुंऽऽ असा आवाज. मी ओवाळलं. आता पेटीला ओवाळलं का पोराला, ते तुम्ही विचारू नका.

पेटी मागच्या परसात ठेवायची होती. पूर्वेला शेजारच्या लताबाईंचं अंगण, उत्तरेला आमची मोरी, पश्चिमेला भिंत. म्हणून भारतने पेटीचं दार दक्षिणेकडे केलं, मोकळ्या मळ्याकडे. "माशांना उडायला वाट लागते आई, आणि त्या वाटेत माणूस नको," तो म्हणाला. पेटी लोखंडी घोडीवर. घोडीच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्या वाट्या माझ्या रुखवतातल्या होत्या. मी काही बोलले नाही. नोंद घ्या, मी बोलले नाही.

पेटी आली आणि आळीत सगळे एकदम माशांचे डॉक्टर झाले. कुणी म्हणालं, अंडं खाऊन पेटीजवळ जायचं नाही. कुणी म्हणालं, या वणीच्या देवीच्या माशा, सोमवार मोडला की डसतात. लताबाई तर पहिल्याच संध्याकाळी रिकामी बाटली घेऊन आल्या.

"नवसाबाई, अहो, एवढी भरून ठेवा. सावकाश. घाई नाही."

"लताबाई, माशा अजून घर लावतायत. त्यांनी कपाट तरी उघडलंय का?"

"तर मग राहू द्या इथेच बाटली. विसरायला नको."

लताबाईंचे मालक सावळीराम. त्यांना कायदा फार. म्हणाले, "माणसाच्या वस्तीत जनावर पाळायचं तर परवानगी लागते." मी म्हटलं, काढते. भारत पेटीजवळून हलायला तयार नव्हता, म्हणून मी स्वतः एका कचेरीत गेले. तीन दिवस तीन खिडक्या. शेवटी एका चष्मेवाल्याने कुत्र्याम्हशींचा फॉर्म काढला.

"काय पाळलंय?"

"मधमाशी."

"'इतर'मध्ये टाकू. संख्या?"

"असतील दहा-बारा हजार."

त्याने चष्मा काढला. "दहा का बारा?"

"मोजल्या नाहीत, साहेब."

"मग मोजून या. इथे अंदाजे चालत नाही. आणि लस टोचल्याचा दाखला जोडा."

"अहो, त्याच सगळ्यांना टोचतात. त्यांना कोण टोचणार?"

मागची रांग हसली आणि माझं काम तिथेच बुडालं. हसण्याने कचेरीतली कामं बुडतात, हे मी शिकले त्या तिसरीपर्यंत शिकवत नाहीत. अर्जावर 'अपूर्ण' असा शिक्का मारून त्याने तो माझ्याकडे सरकवला. मी तो सावळीरामांना लांबून दाखवला. शिक्का दिसला, त्यांचं समाधान झालं.

पण खरं सांगायचं ते हे, की भारत रोज अंघोळ करायला लागला. घामाचा वास आला की माशा चिडतात म्हणे. मी दीड वर्ष घसा फोडून जे झालं नाही, ते माशांनी एक शब्द न बोलता केलं. मला त्यांचा थोडा रागच आला. मग त्याने मळ्यातले कोथिंबिरीचे तीन वाफे फुलू दिले. विकायची कोथिंबीर, पांढरीधोप फुलली! बाजारातल्या बायका मला विचारायच्या, "नवसाबाई, जुड्या कुठायत?" मी म्हणायची, "आमच्या घरी पाहुण्या आल्यात, त्यांना लागते." रात्री जेवताना भारत सांगायचा, आज शेवग्यावर गेल्या होत्या, आज पायांना पिवळं लावून आल्या. तोंडात घास असताना बोलायचा. लहानपणी त्यासाठी मी त्याला चापट मारलेली आहे. आता मी आमटी वाढत राहायची, घास लांबावा म्हणून.

पौष संपायच्या सुमारास तो स्वतः बूथवर गेला. मी बाहेर उभी होते. काचेतून दिसलं, तो बोलता बोलता हाताने पेटी केवढी ते दाखवत होता. फोनवर! बाहेर आला आणि म्हणाला, "माघातल्या दुसऱ्या रविवारी येतायत. सासरे म्हणाले, बघतो, आणि ठीक वाटलं तर दोघींना ठेवूनच जातो."

दोन महिने पेटी टिकली होती. एक गोष्ट मागितली होती ना त्यांनी? ती परसात गुणगुणत उभी होती.

त्या रविवारच्या आदला शनिवार. सकाळी साडेदहाला भारत दाढी-कटिंग करायला गेला. तिथून मेन रोडला जाऊन नवे कप आणणार होता, छायाला कानतुटके कप आवडत नाहीत म्हणून. मी परस झाडत होते. कुंपणावरून सावळीरामांचं डोकं आलं.

"उद्या व्याही येणार म्हणे."

"येणार."

"तलाठी ना? दिशा-बिशा बघणारा माणूस. मागे तुम्हीच सांगत होता, त्यांनी दक्षिणेचं दार विटांनी बुजवलं."

"बुजवलं. वर्षभर घरात खिडकीतून शिरल्यासारखे शिरायचे."

सावळीरामांनी हनुवटीने पेटी दाखवली. "मग हे तोंड कुठंय?"

मी बघितलं. दक्षिणेला. यमाच्या दिशेला. अडीच महिने माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला कसं दिसलं नव्हतं? आमच्यात उंबऱ्याचं तोंड तिकडे करत नाहीत, चूल करत नाहीत, झोपताना पायसुद्धा करत नाहीत. पोराचं नशीब आत्ताशी उघडतंय, आणि त्याचं दार यमाकडे! उद्या तो माणूस परसात पाय ठेवेल आणि पहिलं हेच बघेल.

भारतची वाट बघायला हवी होती. पण मी नवसाबाई आहे. मी आयुष्यात गाडी यायची वाट बघितली नाही, पुढच्या थांब्यावर चालत गेले आहे.

लताबाईंना हाक मारली. दोघींनी पदर खोचले, तोंडाला टॉवेल बांधले. मी म्हटलं, नुसती फिरवायची आणि सहा-सात पावलं इकडे, तुळशीशेजारी, पूर्वेकडे तोंड. अकरा वाजले होते, ऊन चांगलं तापलेलं. अर्ध्या माशा मळ्यात कामाला गेलेल्या, हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाई घर झाडायला काढते तेव्हा माणसं कामाला गेलेलीच बरी, असा माझा हिशोब.

उचलली. जड होती, मधाने भरलेली. पहिलंच पाऊल टाकलं आणि लताबाईंचा पाय रुखवताच्या वाटीवर पडला. पेटी एका बाजूने सुटली आणि कोपऱ्यावर आपटली. आत काहीतरी मऊ, ओलं पडल्याचा आवाज झाला. तो आवाज मी अजून ऐकते. आम्ही एकमेकींकडे बघितलं, आणि मी म्हटलं, "काही नाही झालं. धरा." तुळशीशेजारी ठेवली. पूर्वेकडे तोंड. अगदी शास्त्राप्रमाणे.

मग मळ्यातल्या माशा परत यायला लागल्या. त्या आपल्या जुन्या जागी आल्या. तिथे घर नाही. पेटी हाकेच्या अंतरावर होती, पण त्यांना तीच जागा ठाऊक. त्या रिकाम्या हवेत घराएवढ्या जागेत गरगर फिरायला लागल्या, शेकड्यांनी, पायांना पिवळं लावलेल्या. आणि पेटीतल्या चिडून बाहेर आल्या त्या सरळ पूर्वेला, जिकडे मी त्यांना दार काढून दिलं होतं. तिकडे सावळीराम कुंपणावर देखरेख करत उभे होते.

त्यांनी पेपरने वारा घातला. माशांना वारा घालू नये. अकरा डंख. एक पापणीवर, एक जिभेवर, कारण ते तेव्हा सूचना देत होते. रिक्षातून दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांचा चेहरा भोपळ्याकडे निघालेला आणि श्वास कुकरसारखा. त्या वेळी मला हसू आलं नाही. लताबाई रिक्षात माझा हात धरून बसल्या होत्या. मला वाटलं, माणूस गेला. पेटीच्या दारासाठी मी शेजारणीचं कुंकू पुसलं.

डॉक्टरने सुई दिली, श्वास खाली आला. कागद भरणारी बाई विचारते, "कुत्रा का साप?"

"माशी."

"असा रकाना नाही. मालक कोण तिचा?"

लताबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

साडेबाराला घरी आलो आणि मी जे केलं ते लिहिते, कारण लिहायला बसलेच आहे. भारत यायच्या आत आम्ही पेटी परत जुन्या जागी ठेवली. दक्षिणेकडे तोंड. वाट्यांत पाणी भरलं. मी लताबाईंना म्हटलं, "बोलायचं नाही." लताबाई जन्मात पहिल्यांदा कुणाचं ऐकून गप्प बसल्या.

भारत दोनला आला. दाढी गुळगुळीत, हातात पेपरात गुंडाळलेले कप. मी म्हटलं, सावळीराम पेटीशी गेले आणि डसल्या. कशाला गेले कोण जाणे. त्याने कप ठेवले आणि झाकण उघडलं. आतली पोळी तुटून एकावर एक पडलेली, मध वाहून तळाला साचलेला, त्यात माशा बुडालेल्या. तो बोटाने एकेक बाजूला करत राहिला. मग एक काळपट, लांबट माशी त्याने तळहातावर घेतली.

"राणी," तो म्हणाला.

मी कपांवरचा पेपर सोडायला लागले.

"चौकटी मी नीट बसवल्या नाहीत, आई. मंगळू म्हणाला होता घट्ट बसव म्हणून. माझ्याच हातून झालं."

इथे मी बोलायला हवं होतं. ओठापर्यंत आलं होतं. पण साठ वर्षांत मी कुणापुढे 'माझं चुकलं' म्हणाले नव्हते. नवऱ्यापुढे नाही, सासूपुढे तर नाहीच नाही. तोंडाला ते वळण नव्हतं. मी म्हटलं, "जेवून घे."

तो जेवला नाही. रविवारी सकाळी उरल्यासुरल्या माशा पेटीतून उठल्या, शेवग्याभोवती एक फेरा मारला आणि मळ्यावरून निघून गेल्या. भारत मान वर करून बघत उभा राहिला, दिसेनाशा होईपर्यंत. मग आत आला, हातपाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मी चुलीपुढे पुरण वाटत होते. व्याह्यांसाठी.

ते अकराला आले. बाटली, रुमाल, सगळं यथासांग. मागे छाया, वाळलेली, आणि भाग्यश्री एकदम उंच झालेली. छाया उंबऱ्यातून थेट खाटेकडे बघत होती. रंगनाथरावांनी तिला डोळ्याने थांबवलं आणि म्हणाले, "आधी पेटी दाखवा."

परसात गेलो. त्यांनी झाकण उघडलं. "हाई काय शे?" असं त्यांच्या गावाकडच्या बोलीत निघून गेलं, म्हणजे धक्का खरा होता. मधाला चिकटलेली एक शेवटची माशी उठली आणि त्यांच्या कानाच्या पाळीला डसली. "माय वं!" म्हणून उडाले. पण माणूस तलाठी. एका हाताने कान धरला, दुसऱ्याने खिशातून वही काढली, आणि पेटीवर टेकवून लिहायला लागले. पेटी एक. माशा नाहीत. कुंपणावरून सावळीरामांचा भोपळा डोकावत होता, त्यांना म्हणाले, "तुम्ही पंच." सावळीरामांना जिभेने बोलता येत नव्हतं, त्यांनी मान हलवली. लताबाई दाराआड झाल्या.

मग ते खिडकीपाशी गेले आणि आत विचारलं, "जावईबापू, हे कसं झालं?"

भिंतीकडूनच आवाज आला, "माझ्या हातून झालं."

"ऐकलंत विहीणबाई?" ते वळले. "अडीच महिने. एक पेटी नाही सांभाळली. मी काय म्हणत होतो?" आणि लिहायला लागले. त्यांचं अक्षर फार सुंदर आहे. मी ते अक्षर बघत होते आणि त्यात माझ्या पोराचं नाव उमटत होतं.

"खोडा ते," मी म्हणाले.

"काय?"

"खोडा आणि लिहा. नवसाबाईने काल अकरा वाजता, भर उन्हात, पेटी उचलली. कुणाला न विचारता. दिशा बदलायला. आणि आपटली. राणी तिने मारली. शेजारी तिने दवाखान्यात घातला. मग पेटी जागेवर ठेवून पोराशी खोटं बोलली. पोराने पेटी नीट सांभाळली होती. लिहा, मी सही करते. अंगठा नाही, सही."

आत खाट करकरली. मी वळून बघितलं नाही. बघायचं धैर्य नव्हतं.

रंगनाथरावांनी पेन टोपणात घातलं, काढलं. "बरं, ते असेल. पण शेवटी राहिलं काय? रिकामी पेटी. छाया, चल. अडीचची गाडी आहे."

छाया हलली नाही. भाग्यश्रीचा हात धरून पेटीशेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "अप्पा, तेव्हाही तुम्ही असंच चल म्हणालात. मला राहायचंय का जायचंय, कुणी विचारलं?" मग माझ्याकडे बघितलं. "तुम्हीही नाही विचारलंत, आत्याबाई."

खरं होतं. सहा महिने मी तिला वांग्यांपुढे शिव्या दिल्या, एक कार्ड टाकून विचारलं नव्हतं. ती आत गेली. भाग्यश्री तिच्या मागे. रंगनाथराव मागोमाग निघाले, तशी मी मागच्या दारात दोन्ही चौकटींना हात लावून आडवी उभी राहिले.

"बाजूला व्हा, विहीणबाई."

"नाही होत. बसा त्या पायरीवर, मीही बसते. मी तिसरी शिकलेली, म्हणून न विचारता पेटी हलवली. तुम्ही एवढी दप्तरं वाचलीत आणि न विचारता लेक हलवलीत. तेव्हा दोघांत जास्त गाढव तुम्ही, रंगनाथराव, हे मी पंचांसमोर सांगते. आता आत ती दोघं काय ठरवतात ते ठरवू द्या. जायचं म्हणाली तर मी स्वतः तिला स्टँडवर सोडून येईन. पण तोवर तुम्ही तोंड उघडलंत ना, तर मीही उघडीन."